केळी खाल्ली की मेंदूतलं पोटॅशियम वाढतं का? आणि ही ग्लिया काय भानगड आहे?

पेठेतली सून

मंडळी, प्रश्न जरा विचित्र आहे. हसा, पण उत्तर द्या.

गेल्या आठवड्यात आमच्या मामंजींना जुलाब झाले. वय ७४. तीन दिवस "काय होत न्हाई मला" म्हणत अंगावर काढलं आणि चौथ्या दिवशी पाटावरून उठता येईना. पायात जीवच नाही. दवाखान्यात नेलं तर रक्तात पोटॅशियम २.८. सलाईनमधून दिलं, मग औषधातून दिलं, तिसऱ्या दिवशी ३.९ झालं आणि घरी आले. इथवर सगळं ठीक.

आता पुढचं ऐका. घरी आल्यापासून भेटायला येणारा प्रत्येक जण केळी घेऊन येतोय. काल रात्री मोजली, चौतीस. शेजारच्या काकू म्हणाल्या, "मेंदूला पोटॅशियम लागतंय गं, ते कमी पडलं की माणूस भरमतो." मामंजी त्या दिवशी थोडं असंबद्ध बोलत होते, हे खरं आहे. म्हणून रात्री मोबाईलवर शोधत बसले. मेंदूतलं पोटॅशियम ग्लिया नावाच्या पेशी सांभाळतात एवढं कळलं, पुढचं सगळं डोक्यावरून गेलं. एका ठिकाणी तर लिहिलं होतं की मेंदूत पोटॅशियम वाढलं की फिट येते!

म्हणजे कमी झालं तर पाय जातात आणि जास्त झालं तर फिट? मग या चौतीस केळ्यांचं मी करू काय?

गंगावेस कट्टा

शिकरण.

लाल माती

वहिनी, आमच्या तालमीत पोटऱ्यांत गोळे आले की वस्ताद पहिलं केळं हातात देत्यात. मेंदूचं म्हणाल तर आमचा त्याच्याशी संबंध कमी.

साधा एमबीबीएस

ताई, आधी तुमच्या घरातलं. जुलाबात पोटॅशियम वाहून जातं, त्यात मामंजींना रक्तदाबाची लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर आणखी कमी होतं. हे रक्तातलं पोटॅशियम आहे. ते कमी झालं की पहिला दणका स्नायूंना आणि हृदयाच्या ठोक्यांना बसतो. पाय गेले ते त्यामुळं. बडबडण्यामागं बहुधा अंगातलं पाणी आटणं किंवा सोडियम उतरणं असेल, म्हाताऱ्या माणसांत ते फार होतं. रिपोर्टमध्ये पोटॅशियमच्या वरच्या ओळीत सोडियमचा आकडा असेल, बघा.

केळ्याबद्दल: एका मध्यम केळ्यात साधारण ४०० मिलिग्रॅम पोटॅशियम. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला किमान साडेतीन ग्रॅम सांगते. मूत्रपिंड धड असेल तर दोन केळ्यांनी काही बिघडत नाही. पण मूत्रपिंड अधू असेल किंवा रक्तदाबाच्या काही ठरावीक गोळ्या चालू असतील तर केळी, शहाळं आणि ते 'कमी सोडियमचं मीठ' डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. त्या मिठात सोडियम काढून पोटॅशियमच घातलेलं असतं, हे कोणी सांगत नाही.

मेंदूचं पोटॅशियम हा वेगळा विषय. मला परीक्षेपुरता येतो. प्रयोगवही मॅडम आल्या तर बरं होईल.

पेठेतली सून

सोडियम १२४! मी त्या ओळीकडं बघितलंच नव्हतं. धन्यवाद डॉक्टर.

जुनी प्रयोगवही

आले. तीस वर्षं शरीरक्रियाशास्त्र शिकवलंय, त्यामुळं लांबण लागेल, आधीच सांगते.

सूनबाई, तुमच्या काकूंनी दोन खाती एकत्र केलीत. रक्ताचं पोटॅशियम हे एक खातं, मेंदूच्या पेशींच्या भोवती जो पातळ द्रव असतो त्यातलं पोटॅशियम हे दुसरं. रक्तात साधारण ३.५ ते ५ असतं, मेंदूच्या द्रवात ३ च्या आसपास. (एकक दोन्हीकडं तेच, लिटरमागं मिलिमोल.) दोहोंच्या मध्ये मेंदूतल्या रक्तवाहिन्यांची घट्ट शिवलेली भिंत आहे. रक्तातला आकडा थोडा वरखाली झाला तरी मेंदूतला जवळपास तिथंच राहतो. चौतीस केळी एका बैठकीला खाल्लीत तर पोट बिघडेल, हृदयाचे ठोकेही बिघडू शकतील, पण मेंदूतला तो ३ चा आकडा केळ्यांना दाद देणार नाही.

मग मेंदूत पोटॅशियम वाढतं कशानं? विचार केल्यानं. थट्टा नाही करत. न्यूरॉनच्या, म्हणजे निरोप नेणाऱ्या मज्जापेशीच्या, आत पोटॅशियम १४० च्या घरात, बाहेर ३. न्यूरॉन एकदा 'वाजला', म्हणजे त्यात विजेचा झटका उठला, की सोडियम आत शिरतं आणि पोटॅशियम बाहेर पडतं. एका वेळी पडतं अगदी चिमूटभर. पण बाहेर जागा किती आहे? पेशी आणि पेशी यांच्यामधली फट इतकी अरुंद, की एका मिलिमीटरमध्ये अशा पंचवीस-पन्नास हजार फटी शेजारी-शेजारी मावतील. मेंदूचं सगळं आकारमान धरलं तर या फटींचा वाटा साधारण पाचवा. घागरीतलं मूठभर मीठ रंकाळा तलावात टाकलं तर कळणार नाही, तेच वाटीत टाकलं तर तोंडात धरवणार नाही. इथं वाटी आहे.

आणि गोष्ट अशी की सगळं गणित आत-बाहेरच्या प्रमाणावर चालतं. फळ्यावर मी नेहमी हे करून दाखवायची: आत १४०, बाहेर ३ असेल तर पोटॅशियमचा समतोल, म्हणजे आत-बाहेरची ओढ बरोबरीत येते ते व्होल्टेज, उणे १०३ मिलिव्होल्टला. बाहेरचा आकडा ६ झाला की उणे ८४. १० झाला की उणे ७०. आत जवळपास काही बदललं नाही, बाहेर तिनाचे दहा झाले आणि तेहतीस मिलिव्होल्ट गेले. न्यूरॉन चिडायला एवढं पुरतं. चिडलेला न्यूरॉन आणखी वाजतो, वाजला की आणखी पोटॅशियम सोडतो. तुम्ही वाचलेली फिट ती इथं.

ते होऊ नये म्हणून ग्लिया. आता चहा घेते, पुढचं संध्याकाळी.

गंगावेस कट्टा

मॅडम, तुमचा चहा होईपर्यंत आमचा भेजा फ्राय. वाटी काय, घागर काय.

उगाच शंका

एक शंका. रक्तातून मेंदूत जातच नाही म्हणता, मग मेंदूत पोटॅशियम आलं कुठून? जन्माला येताना घेऊन येतो का आपण?

जुनी प्रयोगवही

"जातच नाही" असं मी म्हटलं नाही, परत वाचा. भिंतीतून येणंजाणं आहे, पण मोजूनमापून आणि सावकाश. दर सेकंदाला जी उलाढाल होते ती मात्र स्थानिक. तेच पोटॅशियम न्यूरॉनमधून बाहेर, ग्लियात आत, तिथून परत न्यूरॉनमध्ये. गल्लीतल्या भिशीसारखं. पैसा बाहेरून येत नाही, फक्त हात बदलतो.

आता ग्लिया. १८५६ मध्ये रुडॉल्फ फिरखो या जर्मन वैद्यानं हे नाव दिलं, अर्थ गोंद. मेंदूतल्या मज्जापेशींना एकत्र धरून ठेवणारा लगदा, अशी त्याची समजूत. नाव चिकटलं ते चिकटलंच, शंभर वर्षं कोणी त्या गोंदाला काही काम असेल असं फारसं धरलं नाही. आपल्याला हवी ती ग्लिया म्हणजे ॲस्ट्रोसाइट, मराठीत तारकापेशी. फांद्याच फांद्या. एक टोक न्यूरॉनच्या सांध्याला बिलगलेलं, दुसरं टोक रक्तवाहिनीवर पाऊल रोवून. त्या टोकाला पाऊलच म्हणतात.

१९५६ मध्ये फ्रांकेनहॉयजर आणि हॉजकिन यांनी स्क्विड या समुद्री प्राण्याच्या जाड मज्जातंतूवर काम करताना दाखवलं की तंतू सारखा वाजवला की त्याच्या भोवतीच्या फटीत पोटॅशियम साचतं. दहा वर्षांनी, १९६६ मध्ये, ऑर्कंड, निकोल्स आणि कुफलर यांनी नेक्ट्युरस नावाच्या शेपटीवाल्या उभयचराची डोळ्याची नस काढून घेतली. त्याच्या ग्लिया पेशी मोठ्या असतात, आत सुई घालता येते. नसेला झटके दिले, वाजले न्यूरॉनचे तंतू, आणि व्होल्टेज हललं ग्लियाचं! ग्लिया स्वतः वाजत नाही. ती बाहेरचं पोटॅशियम मोजत होती. इतकं नेमकं, की तिच्या व्होल्टेजवरून बाहेर पोटॅशियम किती आहे ते मागे काढता यावं.

तेव्हाच त्यांनी कल्पना मांडली की जिथं पोटॅशियम साचलंय तिथं ग्लिया ते आत घेते आणि जिथं कमी आहे तिथं सोडते. साठा करण्याऐवजी पसरवून टाकते.

बरगेवाला

मॅडम, पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं काढली, त्यामुळं माझी भाषा पाण्याची. हे मला राधानगरी धरणाच्या स्वयंचलित दरवाजांसारखं वाटतंय. सात दरवाजे. पाणी ठरल्या पातळीला आलं की आपोआप उघडतात, कोणी बटण दाबत नाही. पाणी उतरलं की आपोआप मिटतात. ग्लियाचं असंच ना?

जुनी प्रयोगवही

उपमा सुंदर आहे आणि चूक आहे. माफ करा.

ग्लियाची मुख्य वाट म्हणजे किर ४.१ नावाची वाहिनी, पेशीच्या भिंतीतलं पोटॅशियमपुरतं बारीक छिद्र. ती पोटॅशियम वाढल्यावर उघडते असं नाही, ती जवळजवळ कायम उघडीच असते. दरवाजाऐवजी उघडी मोरी म्हणा. पोटॅशियम त्यातून कोणत्या बाजूला जाणार हे त्या त्या जागी आत-बाहेरच्या ओढीवर ठरतं. नेहमी थोडंसं बाहेर झिरपत असतं. बाहेर साचलं की ओढ उलटते आणि त्याच मोरीतून ते आत येतं. ऊर्जा लागत नाही.

बरगेवाला

असं का! मग राधानगरी सोडा, आपल्या कोल्हापुरातला जयंती नाला घ्या. एरवी नाला पंचगंगेला मिळतो. नदी फुगली की तोच नाला उलटा फिरतो आणि पाणी शाहूपुरीत. नाल्याला ना फळी ना दरवाजा, पातळी ठरवते.

जुनी प्रयोगवही

हेच! तीस वर्षांत मला ही उपमा सुचली नाही. आणि पुढंही लावा. नाल्यात पाणी शिरून तिथंच कोंडलं तर उपयोग काय? ॲस्ट्रोसाइट एकटी नसते. शेजारणींशी तिची भिंत बारीक नळ्यांनी जोडलेली असते, गॅप जंक्शन म्हणतात. त्यामुळं एका कोपऱ्यात पोटॅशियम साचलं तरी सगळ्या जाळ्याचं व्होल्टेज फारसं हलत नाही, शेजारणी धरून ठेवतात. तेवढ्यामुळंच साचलेल्या कोपऱ्यात आतली ओढ टिकते. इथून आत, पलीकडच्या मोकळ्या जागी बाहेर. आणि जे आयन इथून आत शिरले तेच तिकडून निघाले असं समजू नका.

बरगेवाला

भरलेल्या पाइपासारखं. इकडून लोटा ओतला की तिकडून दुसराच लोटा पडतो.

जुनी प्रयोगवही

तुम्ही निवृत्त होऊन आमच्याकडं यायला हवं होतं. डोळ्याच्या पडद्यात तर याला नावच 'सायफन' दिलंय. म्युलर पेशी, म्हणजे तिथली ग्लिया, पडद्यातलं जादा पोटॅशियम डोळ्यातल्या जेलीसारख्या द्रवाकडं सोडते, १९८४ मध्ये न्यूमन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं.

बरगेवाला

सायफन म्हणणं तांत्रिकदृष्ट्या बरोबर नाही, पण असो. डॉक्टर लोकांना कोण सांगणार.

उगाच शंका

शंका दुसरी. मोरी आहे, उतार आहे, फुकटात काम होतंय. मग मेंदू एवढी साखर खातो कशाला?

जुनी प्रयोगवही

चांगली शंका, पहिल्यांदाच. मोरीनं फक्त पसरवलं जातं, परत आणून ठेवायला पंप लागतो. येन्स स्कौ यानं १९५७ मध्ये खेकड्याच्या नसांवर काम करताना तो ओळखला आणि १९९७ मध्ये नोबेलचा वाटेकरी झाला. एका फेरीत तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत, किंमत एक एटीपी, म्हणजे पेशीच्या इंधनाचा एक कण. मेंदूचं वजन अंगाच्या दोन टक्के आणि प्राणवायूचा खर्च वीस टक्के, त्यातला मोठा भाग असल्या पंपांवर.

आता बारकावा. न्यूरॉन आणि ॲस्ट्रोसाइट दोघांकडं पंप आहे, पण घडण वेगळी. न्यूरॉनचा पंप आत साचलेल्या सोडियमवर जास्त लक्ष ठेवून असतो. ॲस्ट्रोसाइटचा पंप अशा घडणीचा आहे की बाहेर पोटॅशियम ३ असताना तो पूर्ण वेगानं चालत नाही, हात राखून असतो. बाहेरचा आकडा चढला की वेग वाढवतो. वस्तीला माणूस ठेवल्यासारखा.

मी शिकत होते तेव्हा सगळं श्रेय पसरवण्याला दिलं जायचं. गेल्या काही वर्षांतल्या उंदरांवरच्या मोजमापांत असं दिसतं की वाजत असतानाचा पहिला उपसा बऱ्याच प्रमाणात पंपांचा आणि मोरीचा वाटा जागेनुसार, वेळेनुसार कमी-जास्त. कोणाचे किती आणे, यावर लोक अजून भांडतायत. भांडू देत. नुसती मोरी किंवा नुसता पंप एवढ्यावर भागत नाही, इतपत सगळ्यांना मान्य आहे.

बरगेवाला

पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला आमची पुराची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३. मेंदूच्या आकड्यांना असं काही आहे का?

जुनी प्रयोगवही

आहे. रोजची पातळी ३. डोळ्यांपुढं काही हललं, हात उचलला, तर त्या त्या जागी एखाद्या आकड्यापेक्षा कमीच चढतं आणि लगेच उतरतं. फिट येते तेव्हा १० ते १२ पर्यंत जातं, आणि गंमत म्हणजे तिथं थांबतं. फिट कितीही लांबली तरी बहुधा त्यावर जात नाही. पंप आणि ग्लिया मिळून तिथं धरतात. याला 'छत' म्हणतात. छत फुटलं तर मात्र ३० च्या पुढं, कधी ६०-८० पर्यंत. तेव्हा त्या भागातले न्यूरॉन वाजायचेच बंद पडतात. पक्षाघातात रक्त तुटलं की पंपाला इंधन नाही, काही मिनिटांत असंच होतं.

गंगावेस कट्टा

मॅडम, मी ऐकलंय एका न्यूरॉनमागं दहा ग्लिया असतात. म्हणजे एक पैलवान आणि दहा जण मालिशवाले?

जुनी प्रयोगवही

जुन्या पुस्तकांत तसंच छापलंय, मीही शिकवलंय. २००९ मध्ये ब्राझीलमधल्या संशोधकांनी मोजलं. पद्धत तुम्हाला आवडेल: मेंदूचे तुकडे विरघळवून त्याचं एकजीव पातळ कालवण केलं, ढवळलं, आणि थेंबातल्या पेशींचे गाभे मोजले. माणसाच्या मेंदूत न्यूरॉन ८६ अब्ज, बाकीच्या सगळ्या पेशी मिळून ८५ अब्ज. म्हणजे जवळपास एकास एक.

गंगावेस कट्टा

पांढरा रस्सा! मी आज जेवणार नाही.

लाल माती

एकास एक म्हणजे कुस्ती बरोबरीची की.

अर्धी शिशी

इतके दिवस नुसती वाचत होते, आज लिहिते. मॅडम, छत फुटलं की न्यूरॉन बंद पडतात म्हणालात. मला अर्धशिशी आहे, बाविसाव्या वर्षापासून. डोकं दुखायच्या आधी डोळ्यांपुढं चमकणारी नागमोडी रेघ येते. आधी मधोमध बारीक ठिपका, जसं कोणी फ्लॅश मारून गेलं. मग त्याची कमान होते, किल्ल्याच्या तटासारखी करवती धार, लुकलुकते. ती सरकत सरकत कडेला जाते आणि तिच्या मागं काहीच दिसत नाही. एकदा भाकरी थापताना आली. तवा दिसत होता, भाकरीचा अर्धा भाग नव्हता. डोळे मिटले तरी रेघ असते. याचा तुमच्या पोटॅशियमशी संबंध आहे का?

जुनी प्रयोगवही

आहे, आणि माझ्या सगळ्या विषयातला हा सगळ्यात आवडता भाग.

१९४१ मध्ये कार्ल लॅशली या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं स्वतःच्याच अर्धशिशीची रेघ कागदावर वेळ टिपून काढली. मेंदूच्या मागच्या भागात दृष्टीचा जो पट्टा आहे त्यावर हिशेब मांडला आणि म्हणाला, काहीतरी मिनिटाला ३ मिलिमीटर वेगानं सरकतंय. काय, ते त्याला माहीत नव्हतं. १९४४ मध्ये ब्राझीलचा आरिस्तिदिस लिआव हार्वर्डमध्ये सशांच्या मेंदूवर फिटचा अभ्यास करत होता. फिट येण्याऐवजी त्याला उलटंच दिसलं: मेंदूची विजेची हालचाल एका जागी शांत झाली आणि ती शांतता पसरत गेली. वेग तोच, मिनिटाला दोन-चार मिलिमीटर.

ती लाट म्हणजे फुटलेलं छत. एका जागी पोटॅशियम इतकं साचतं की ग्लियाला उपसत नाही, ते शेजारच्या फटीत झिरपतं, तिथले न्यूरॉन आधी भराभर वाजतात आणि मग गप्प होतात. त्यांचं पोटॅशियम पुढच्यांवर. १९५६ मध्ये बर्निस ग्राफस्टाइन यांनी पोटॅशियमचं हे गृहीतक मांडलं. पुढं त्यात ग्लूटामेट (न्यूरॉन एकमेकांना निरोप द्यायला वापरतात ते रसायन) वगैरे बरीच भर पडली, पण पोटॅशियम त्यातून गेलं नाही. तुमच्या रेघेची लुकलुकणारी धार म्हणजे वाजणारे न्यूरॉन, मागचा गायब भाग म्हणजे गप्प झालेले.

आणि ग्लिया कुठं? २००३ मध्ये काही घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या एका अर्धशिशीचं मूळ सापडलं. त्यात दुखण्याआधी अंगाची एक बाजू लुळी पडते. बिघाड होता पंपाच्या जनुकात. मोठ्या माणसात मुख्यतः ॲस्ट्रोसाइटमध्ये असतो ना, तोच हात राखून चालणारा पंप.

साधा एमबीबीएस

मध्येच बोलतो. अशी रेघ आयुष्यात पहिल्यांदा आली, किंवा बोलणं अडखळलं, हात लुळा पडला, तर ती अर्धशिशीच असं घरी ठरवू नका. दवाखान्यात या. पक्षाघातही असाच दिसू शकतो.

मॅडमच्या मोरीबद्दल एक. किर ४.१ चं जनुक बिघडलेली मुलं असतात, २००९ मध्ये याचं वर्णन झालं. फिट येतात, चाल डुगडुगते, ऐकू कमी येतं. आणि चौथी गोष्ट: मूत्रपिंडातून मीठ वाहून जातं आणि रक्तातलं पोटॅशियम कमी होतं, कारण तीच वाहिनी मूत्रपिंडातही आहे. म्हणजे रक्ताच्या रिपोर्टमध्ये पोटॅशियम कमी, आणि त्याच मुलाच्या मेंदूत मात्र न्यूरॉनच्या भोवतीचं उचलायला कोणी नाही. शिकताना हे वाचलं तेव्हा मी दोनदा पान उलटून बघितलं होतं.

पेठेतली सून

अगं बाई. म्हणजे ही दोन खाती एकाच पोरात, आणि दोन्ही उलट्या दिशेला. आता मला कळलं तुम्ही सुरुवातीला काय म्हणत होता. काकूंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "असू दे, पण केळं चांगलंच की."

उगाच शंका

शंका तिसरी. साध्या अपस्मारातही ग्लियाच दोषी का? माझ्या चुलत भावाची शस्त्रक्रिया झाली होती, म्हणून विचारतो. ही उगाच नाही.

जुनी प्रयोगवही

उगाच नाहीच. कानशिलाच्या आतल्या भागातून सुरू होणाऱ्या अपस्मारात शस्त्रक्रियेनं काढलेल्या तुकड्यांत ॲस्ट्रोसाइटमधल्या या मोऱ्या कमी झालेल्या आढळल्यात. पण फिट येत राहिल्यानं मोऱ्या बुजल्या, की मोऱ्या बुजल्यानं फिट आल्या? तुकडा हातात येईपर्यंत रोग पंधरा-वीस वर्षांचा झालेला असतो, तुकड्यावर तारीख लिहिलेली नसते. उंदरांत ग्लियामधलं हेच जनुक काढलं तर फिट येतात, म्हणजे मोरी बुजणं हे कारण ठरू शकतं. तुमच्या भावाच्या बाबतीत काय होतं हे इथं बसून कोणी सांगू नये. भाऊ कसा आहे?

उगाच शंका

गोळी चालू आहे. चार वर्षं फिट नाही. मोटारसायकल चालवायची म्हणतोय, आम्ही चावी लपवलीय.

अर्धी शिशी

दहा दिवसांनी परत आले. काल दुपारी रेघ आली. यावेळी घाबरले नाही, लॅशलीचं ऐकायचं ठरवलं होतं. जुन्या कॅलेंडरच्या पानाची कोरी बाजू भिंतीला चिकटवून ठेवली होती, मधोमध टिंब. टिंबावरून नजर हलवायची नाही, दर तीन मिनिटांनी जिथं धार दिसते तिथं पेन फिरवायचं. मुलीला घड्याळ बघायला बसवलं. ती "आई, आता!" म्हणायची आणि मी ओढायची.

एकूण बावीस मिनिटं. मिनिटाला ३ धरलं तर साडेसहा सेंटिमीटर, म्हणजे मेंदूत बोटभर. पण एक चुकलंय का बघा. कमानी सारख्या अंतरावर नाहीत. पहिल्या दोन टिंबाजवळ एकमेकींना चिकटून, बोटभरही अंतर नाही. शेवटच्या दोन कमानींच्या मध्ये वीतभर. म्हणजे कडेला जाताना ती पळायला लागली. वेग एकच असतो म्हणालात ना?

जुनी प्रयोगवही

चुकलं नाही हो, लॅशलीच्या कागदावरही असंच होतं! मेंदूत लाट एकाच वेगानं जाते. पण दृष्टीच्या पट्ट्यात मधोमधच्या नजरेला प्रचंड जागा दिलेली आहे आणि कडेच्या नजरेला अगदी थोडी. म्हणून मधलं टीचभर दृश्य ओलांडायला लाटेला बरीच मिनिटं लागतात आणि कडेचं वीतभर ती एका दमात पार करते. तो कागद फाडू नका.

बरगेवाला

ताई, या कागदाला आमच्याकडं कंटूर म्हणतात. रेघा जवळ म्हणजे चढ, रेघा लांब म्हणजे सपाट. फोटो टाका की, स्केल घेऊन बसतो.

अर्धी शिशी

टाकते, पण उद्या. मुलीनं तो शाळेत नेलाय बाईंना दाखवायला.

पेठेतली सून

मामंजी ठणठणीत. सोडियम १३६, पोटॅशियम ४.२. उरलेली केळी काळी पडली होती, आज गूळ घालून घारगे केले. धागा त्यांना वाचून दाखवला. जयंती नाल्यापाशी थांबवून म्हणाले, "हे बरगेवाले आपल्या बावड्याचे का गं? विचार."

बरगेवाला

बावड्याचाच. मामंजींना नमस्कार सांगा.